बँड बंद करा म्हणणाऱ्यांसाठी

लग्नसराई आटोपली की समाजाच्या बैठका भरतात आणि बैठकीत एक ठराव हमखास मांडला जातो: पुढच्या वर्षापासून लग्नात बँड नाही, डीजे नाही, वरातीत नाचणं नाही. त्याच दमात प्री-वेडिंग फोटो, ताटातले वीस पदार्थ आणि उशिरा लागणारी लग्नं यांचाही उद्धार होतो. यातल्या बऱ्याच गोष्टींशी माझं भांडण नाही. पत्रिकेत मुहूर्त साडेबाराचा आणि अक्षता पडतात तीनला, याचं समर्थन कोण करेल? पण या यादीत बँडही बसवला जातो, भराभर हात वर होतात, टाळ्या पडतात, ते पाहिलं की प्रश्न पडतो: हात वर करणाऱ्यांपैकी किती जणांनी आवडत्या बँडसमोर उभं राहून तो एकदा तरी नीट ऐकला असेल?

आक्षेप ठरलेले आहेत. पैशाची नासाडी होते, कानाला त्रास होतो, पोरं बिघडतात. चौथा आक्षेप थोडं शिकलेल्या, शहरात राहून आलेल्या माणसाचा असतो. तो म्हणतो, गाणी सगळी मोबाइलवर आहेत, एक बरा स्पीकर लावला की काम भागतं, त्यासाठी पंचवीस माणसांचा ताफा कशाला पोसायचा? हा आक्षेप सगळ्यांत सभ्य दिसतो आणि सगळ्यांत पोकळ आहे, म्हणून आधी त्यालाच हात घालतो.

त्यासाठी एका लहान स्टेशनाचं उदाहरण घेतो. भुसावळहून खंडव्याकडे निघालं की बुऱ्हाणपूर आणि असीरगड रोड मागे टाकून चांदनी येतं. पुढे नेपानगर. बहुतेक मोठ्या गाड्या चांदनीला न थांबता निघून जातात. देशातला पहिला वृत्तपत्र-कागदाचा कारखाना उभारायचा ठरला तेव्हा याच भागाची निवड झाली होती. १९५५ मध्ये तिथं उत्पादन सुरू झालं, १९५६ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते कारखाना देशाला अर्पण झाला, आणि नाव झालं ते शेजारच्या नेपानगरचं. (लग्नातल्या गोंगाटाबद्दल वाचकांची जी संतप्त पत्रं वर्तमानपत्रांत येत, त्यातली काही इथल्याच कागदावर छापली गेली असतील.) या पट्ट्यात घरात मराठी, बाजारात हिंदी, शेतावर निमाडी आणि जंगलाकडच्या वस्त्यांवर कोरकू नि बारेली ऐकू येते. जिल्हा मध्य प्रदेशाचा आणि सोयरीक निम्मीअधिक रावेर-यावल-जळगावकडची.

इथल्या माणसाला मोठा वाद्यवृंद तिकीट काढून पाहायचा तर इंदूर किंवा जळगाव-नाशिक गाठावं लागतं. दिवसाची मजुरी बुडवून आणि रात्रीच्या परतीच्या गाडीची काळजी करत कोण जाणार? त्याच्या गल्लीत जिवंत वादक येतात ते लग्नाच्या बँडबरोबर. समोर, पाच हातांवर. रियाज करून आलेली, एकमेकांच्या इशाऱ्यावर वाजवणारी माणसं घामाघूम होऊन काम करताना त्याला दिसतात. ‘मोबाइलवर आहेच की’ असं ज्याला म्हणावंसं वाटतं, त्याच्या शहरात नाट्यगृह असतं, दिवाळी पहाट असते, कोजागरीची मैफल असते. तो तिथं जातो. तिथं जाताना त्याला मोबाइल आठवत नाही.

पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून भरतो. भीमसेन जोशींच्या ध्वनिमुद्रिका घराघरांत असताना लोक थंडीत शाली पांघरून त्यांना ऐकायला बसत, आणि अनेक वर्षं हा महोत्सव रात्र रात्र चालला. कुणीही असा ठराव केला नाही की पंडितजींची कॅसेट मिळते, तेव्हा मांडव घालण्याचा खर्च वाचवावा. गायक आज कसा लागतो, समोरच्या दादेने कसा फुलतो, एखादी जागा पुन्हा का घेतो, हे पाहायलाच माणसं जातात हे सगळ्यांना मान्य होतं. मग चांदनीच्या पोराने आपल्या लाडक्या बँडच्या की-बोर्डवाल्याकडे टक लावून पाहिलं तर त्याच्या कानात काही उणं कसं काय निघतं?

आणि ते पोरगं खरंच टक लावून पाहतं. खानदेशात आणि तापीच्या या काठाने बुऱ्हाणपूरपर्यंत बँड म्हणजे काय चीज आहे हे बाहेरच्याला सांगूनही पटत नाही. कोणत्या बँडचा गायक कोण, ऑक्टोपॅडवर कोण बसतो, कोणता वादक यंदा कोणत्या ताफ्यात गेला, ही माहिती पोरांना तोंडपाठ असते. बँडचे व्हिडिओ यूट्यूबवर हजारो-लाखोंनी पाहिले जातात. सोयरीक जमली की देण्याघेण्याच्या आधी ‘बँड कोणता?’ हे विचारणारे मित्र निघतात, आणि नामांकित बँडची तारीख मिळत नाही म्हणून हळद एक दिवस मागेपुढे झाल्याचं ऐकायला मिळतं. गावात तो बँड येणार म्हटलं की शेजारच्या चार गावांची पोरं मोटारसायकलींवरून येतात. त्यांना ना आमंत्रण, ना जेवणाची अपेक्षा. लांब उभी राहून ऐकतात, अंगात आलं तर नाचतात, निघून जातात. बैठकीतल्या मंडळींच्या लेखी हे ‘फुकटे’. माझ्या लेखी हे श्रोते. तिकीट नसलेल्या मैफलीला असेच श्रोते असतात.

आता त्या गर्दीत नक्की काय घडतं ते पाहू, कारण विरोधकांचा सगळा युक्तिवाद ते न पाहण्यावर उभा आहे. परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, निघतो. पुढे बँडची गाडी, तिच्यावर स्पीकर, मागे जनरेटरची घरघर. गाडीत किंवा गाडीच्या पुढे की-बोर्ड, ऑक्टोपॅड, माइक हातात घेतलेला गायक. ताफा जुन्या वळणाचा असेल तर क्लॅरोनेट, ट्रम्पेट, युफोनियमसुद्धा. बहुतेक पितळी वाद्यं मेरठहून आलेली, पॉलिश उडालेली. पहिली दोन गाणी कुणीच मनावर घेत नाही. नवरदेवाचे मित्र एकमेकांना ढकलतात. बँडमास्तर बघत असतो. कोण पाय हलवतोय, कोण लाजतोय, कुणाला बोलावलं तर बाकीचे येतील, हे त्याला कळतं. मग तो एक हिंदी गाणं मधेच तोडून अहिराणीवर येतो आणि घोळका पेटतो. ध्रुवपदाच्या दोन ओळींवर ताफा थांबून राहतो, लय हळूच चढते, वरची वाद्यं गप्प होतात, नुसता ताल उरतो, नाचणारे ओरडतात, आणि नेमकं त्याच क्षणी सूर परत येतो. रेकॉर्ड केलेल्या गाण्यात ही जागा नसते. ती त्या गल्लीत, त्या माणसांसाठी, त्या मिनिटाला तयार होते आणि पुढच्या चौकात पुन्हा तशीच होत नाही.

नवरदेवाच्या आत्या-मावश्या रिंगणात उतरल्या की तोच ताफा लय खाली आणतो आणि एखादं जुनं गाणं काढतो. आजी उतरली तर सनईचा सूर धरतो. कोरकू किंवा बारेला पाहुणे असतील तर हातात हात घालून ओळीने नाचता येईल अशी चाल लावतो, आणि हिंदी गाण्यावर वेगवेगळे उड्या मारणारे आमचे वीर त्या ओळीत शिरायला धडपडतात. चांगला डीजेवालाही गर्दी ओळखतो, हे मान्य. पण त्याच्या हातात गाणं बदलणं एवढंच आहे. बँडला गाणं वाकवता येतं. नाचणाऱ्याला हे कळतं, म्हणून तो नाचता नाचता वादकाकडे बघतो आणि वादक त्याच्याकडे. आवडता बँड समोर वाजत असल्याचा आनंद या नजरानजरेत आहे, आणि तो मोबाइलमध्ये उतरत नाही.

याच गल्लीत एका वरातीत मराठी, अहिराणी, हिंदी, निमाडी आणि आदिवासी चाली एकामागोमाग येतात. २००१ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इंदूरला भरलं होतं. चांदनीसारख्या थांब्यावर ते यावं अशी कुणाची अपेक्षा नाही. पण ‘हाई झुमकावाली पोर’ हे अहिराणी गाणं इथं आलं, कुणीही निमंत्रण न देता, आणि घरी मराठी बोलायला लाजणारी मुलं ते मोकळ्या गळ्याने गातात. सीमाभागात भाषा टिकवण्याच्या गप्पा मारणाऱ्यांनी याची दखल घ्यायला हरकत नाही.

पैशाच्या नासाडीबद्दल. लग्नाचा हिशेब उघडून बसा. मंगल कार्यालय, सजावट, केटरिंग, फोटो, ड्रोन, पाहुण्यांना टोप्या-टॉवेल, आणि दोनदाच अंगावर येणारा शालू. या सगळ्यांतून पहिलं बोट बँडवरच का जातं? ड्रोनवाल्याला कुणी उधळ्या म्हणत नाही. बँडला दिलेली सुपारी वीस-पंचवीस घरांत वाटली जाते, तीही हंगामात. या माणसांचं वर्ष चार-पाच महिन्यांचं असतं. २०२० मध्ये मार्चअखेर टाळेबंदी लागली ती नेमकी हंगामाच्या तोंडावर. पुढे लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली, तिच्यात बँड कुठे बसणार? वादकांनी केळीच्या वाहतुकीवर हमाली केली, भाजीच्या गाड्या लावल्या, काहींनी वाद्यं विकली. त्या वर्षी लग्नं ‘साधी आणि छान’ झाल्याचं कौतुक करणारे लेख मीही वाचले. त्या साधेपणाची किंमत कुणी मोजली, ते त्यांत नव्हतं.

खर्च झेपत नसेल तर लहान ताफा लावा, एकच वेळ लावा. कर्ज काढून बँड लावणाऱ्या बापाची बाजू मी घेत नाही. पण समाजाने ठराव करून सगळ्यांचाच बँड बंद करणं ही काटकसर नव्हे.

त्या ठरावाच्या मुळाशी एक जुनी गोष्ट आहे आणि ती उघड बोलली जात नाही. आपल्याकडे वाजंत्रीशिवाय मंगलकार्य होत नाही, आणि वाजवणारा मात्र मांडवाच्या बाहेर बसतो. हलगी, डफडं, संबळ, सनई ही वाद्यं ज्या जातींच्या वाट्याला आली त्यांना गावकीत वाजवणं हे काम म्हणून नेमून दिलं गेलं. बदल्यात धान्य, उरलंसुरलं जेवण, आणि बोलवलं की यायचंच. इंग्रजी पलटणींच्या आणि संस्थानांच्या बँडमधून पितळी वाद्यं गावोगाव पोचली तेव्हा यातल्या अनेकांनी ती उचलली. त्यांच्यासोबत मुसलमान वादकही मोठ्या संख्येने आले. अंगावर गणवेश चढला, नावाची पाटी आली, तारीख आणि पैसे आधी ठरू लागले. सक्तीचं वाजवणं कराराचं झालं. आज गाडीवर स्वतःचं नाव रंगवून, स्वतःचा भाव स्वतः सांगणारा बँडमालक पाहिला की काही जणांच्या पोटात जे दुखतं, त्याचं कारण डेसिबलच्या यंत्रावर सापडणार नाही.

असं दुखणं आपल्याकडे पहिल्यांदा होत नाही. स्वातंत्र्य मिळताच मुंबई सरकारने अश्लीलतेचं कारण देऊन तमाशावर बंदी घातली होती, मग अटी घालून ती उठवावी लागली. आज महाराष्ट्र शासन त्याच तमाशातल्या विठाबाई नारायणगावकरांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं. १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटाचंही बघा. संगीत सी. रामचंद्रांचं, म्हणजे पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचं. त्यांच्या साथीला गोव्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, जो मुंबईच्या हॉटेलांत लोकांना नाचवण्यासाठी बँड वाजवायचा. पडद्यावर भगवानदादा. अंग फारसं न हलवता केलेला त्यांचा तो नाच पुढच्या पिढ्यांनी वरातींत आणि गणपतीत उचलला, कारण तो कुणालाही जमतो. तेव्हाच्या भारदस्त माणसांना तो उथळ वाटला असणार. त्यांची नातवंडं आता त्याच गाण्यांचे ‘सुवर्णकाळ’ नावाचे कार्यक्रम तिकीट काढून बघतात.

पोरं बिघडतात, हा आक्षेप जरा गमतीचा आहे. होळीच्या आधीच्या आठवड्यात पश्चिम निमाड, झाबुआ, अलीराजपूरकडे भगोरियाचे हाट भरतात. मांदल वाजतो, पोरंपोरी नाचतात, आणि ते फोटो पर्यटनाच्या जाहिरातींवर झळकतात. ती संस्कृती. त्याच वयाची पोरं वैशाखात बँडसमोर नाचली की संस्कार बुडाले. दारू पिऊन धिंगाणा घालणारे वरातीत असतात, हे खरं आहे. ते पंगतीतही असतात आणि निवडणुकीच्या मिरवणुकीतही असतात. दारू बंद करायची तर दारू बंद करा. क्लॅरोनेटवाल्याने ती पाजलेली नाही. गाण्यांतले काही शब्द हिणकस असतात, तेही खरं. यजमानाने सुपारी देतानाच ‘ही गाणी नकोत’ असं सांगितलं तर कुठलाही बँड ते ऐकतो, कारण पैसे यजमानाचे असतात. सांगायचं धाडस नसलं की ठराव केला जातो.

कित्येक ठरावांत एक वेगळं कलम असतं: महिलांनी वरातीत नाचू नये. बँडविरोधाचा खरा चेहरा इथं दिसतो. ज्या घरात सून सासऱ्यासमोर मोठ्याने हसत नाही, तिथं ती वर्षातून एकदा भर रस्त्यात, नणंदा-जावांच्या घोळक्यात, डोक्यावरचा पदर सावरत नाचते. तेवढ्या पाऊण तासावर डोळा ठेवून केलेला ठराव समाजसुधारणेच्या नावाखाली मंजूर होतो, आणि मंजूर करणाऱ्या सभेत बहुधा एकही बाई नसते.

आता आवाज. इथं मात्र मी विरोधकांशी भांडणार नाही, किंवा भांडलो तर उलट्या बाजूने भांडेन. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० पासून आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद, रुग्णालय-शाळांभोवती शांतता क्षेत्र. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. मध्य प्रदेशात डिसेंबर २०२३ मध्ये नव्या मुख्यमंत्र्यांनी पदभार घेताच ध्वनिवर्धकांवर नियंत्रणाचा आदेश काढला. याच नियमांमुळे सवाई गंधर्वच्या रात्रभराच्या मैफली आटोपल्या. पुण्याने तक्रार करत का होईना, ते मानलं, आणि महोत्सव दुपारी सुरू करून चालू ठेवला. बंद केला नाही. वरातीला हेच लागू करायला काय अडचण आहे?

दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची शक्ती दहापट होते. कामाच्या जागी ८५ डेसिबल आठ तास चालतात असं मानलं जातं, आणि पुढे दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये संगीताच्या जागांसाठी जे मानक दिलं त्यातही पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये असं आहे. गावच्या अरुंद गल्लीत स्पीकरची भिंत याच्या कितीतरी वर जाते. म्हाताऱ्यांची छाती धडधडते, तान्ही मुलं दचकतात, गोठ्यातली जनावरं दावी तोडतात. हे थांबलंच पाहिजे.

पण या हिशेबात एक माणूस कुणीच धरत नाही. तुम्ही त्या आवाजात अर्धा तास असता. बँडवाला हंगामभर, दिवसातून दोन-दोन वेळा, स्पीकरपासून चार हातांवर असतो. पहिला बहिरा होणार तो. बँडच्या आवाजाबद्दल तळमळीने बोलणाऱ्यांपैकी कुणी त्याच्या कानांबद्दल एक वाक्य बोलल्याचं मी ऐकलेलं नाही.

आणि बँडमालकांनाही दोन शब्द सुनवायला हवेत. आवाज वाढवण्याच्या शर्यतीत तुम्हीच तुमच्या वादकांना मारताय. स्पीकरची एकेक रांग वाढली की ट्रम्पेट ऐकू येईनासा होतो, मग ट्रम्पेटवाला कशाला, असं म्हणून तो कमी होतो, मग क्लॅरोनेट जातो, शेवटी पेन-ड्राइव्ह उरतो. ज्या दिवशी तुमच्या आणि डीजेच्या आवाजात फरक उरणार नाही, त्या दिवशी तुमच्या बाजूने लिहायला माझ्याकडे काही नसेल. लोक तुमच्याकडे चार गावं ओलांडून येतात ते वाजवताना पाहायला. वादक पुढे आणा, स्पीकर कमी करा.

समाजाच्या पुढाऱ्यांना विनंती एवढीच की पुढच्या बैठकीत ठराव जरूर करा, पण त्यात आवाजाची मर्यादा लिहा, वेळ लिहा, दवाखान्यासमोर वाद्य बंद असं लिहा, दारू पिऊन वरातीत येणाऱ्याला दंड लिहा. बायकांबद्दलचं कलम खोडा. बँडवाल्यांचं पान पाहुण्यांच्या पंगतीत, पाहुण्यांच्याच वेळी मांडलं जाईल, हे कलम त्याच्या जागी घाला. आणि मसुदा वाचून दाखवण्याआधी तुमच्या तालुक्यातल्या दोन बँडमास्तरांना बैठकीला बोलवा, खुर्ची द्या, आणि त्यांना आधी बोलू द्या.